उंची जास्त, बाईक जुनी: हँडल नंतर, आधी सीट बघा

सहा फूट तीन इंच उंची, १९७० च्या दशकातली होंडा सीबी ७५०, अर्ध्या तासात गुडघे आखडतात, कंबर धरते आणि म्हणून तुम्ही चार इंचांचे हँडल रायझर, म्हणजे हँडल वर उचलणारे जोडतुकडे, मागवायला निघालात. थांबा भाऊ, पैसे खिशातच ठेवा. गुडघे दुखतायत म्हणताय ना, मग हँडल कितीही वर नेलं तरी गुडघा तसाच दुमडलेला राहणार. त्याचा संबंध फक्त सीट आणि फूटपेग (पाय ठेवायची दांडी) यांच्यातल्या अंतराशी आहे, बाकी कशाशी नाही.

उंच लोकांचा इथेच घोळ होतो. सीटची उंची म्हणजे जमिनीपासूनची उंची असं धरून चालतात आणि कोणीतरी सांगतं की मागचे शॉकअब्सॉर्बर लांब टाका. बाईक उंच दिसते खरी, पण सीटबरोबर पेगही वर जातो, त्यामुळे पायाला मिळतं काय, जवळपास शून्य. उलट बाईक पुढे झुकते, स्टिअरिंगचा स्वभाव बदलतो, साइड स्टँडवर बाईक जास्तच कलते, सेंटर स्टँडवर मागचं चाक जमिनीला टेकायला लागतं, आणि चेनचा अँगल बदलून ती स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला) घासतेय का हेही बघत बसावं लागतं. त्यामुळे उंचीसाठी शॉकअब्सॉर्बर बदलू नका.

आधी सीट उघडा. एवढ्या जुन्या सीटचा फोम बहुतेक वेळा दबून चपटा झालेला असतो, आणि सीटच्या पत्र्याखाली जे रबराचे बफर असतात ते झिजलेले किंवा पडून गेलेले असतात. म्हणजे तुम्ही मुळात कंपनीच्या उंचीवर पण बसत नाही आहात! बफर नवीन टाका, पत्रा गंजलाय का बघा, मग फोमचा विचार करा. खाली कडक रिबाँडेड फोम (फोमचे तुकडे दाबून, चिकटवून बनवलेला) आणि वर थोडा मऊ थर. सगळाच मऊ टाकला तर दुकानात बसून छान वाटतं, पण तासाभरात तुम्ही परत पत्र्यावर येता. मूळ उंचीपेक्षा दीड ते दोन इंच वाढ पुरे होते, त्याच्या वर सीट बेढब दिसते आणि आपण बाईकच्या आत नाही, वर बसलोय असं वाटायला लागतं. सीटवाल्याला एक गोष्ट ठासून सांगा, मध्ये खड्डा नको, शक्य तेवढी सपाट ठेव. उंच माणसाला मागे सरकायला जागा लागते, खड्डा असला की प्रत्येक ब्रेकला घसरून टाकीजवळ येतो आणि गुडघे परत दुमडतात.

फोम कापायच्या आधी फुकटातली ट्रायल घ्या. जाड चटई घडी करून सीटवर पट्ट्याने घट्ट बांधा, दोन इंच झाली पाहिजे, आणि ओळखीच्या मोकळ्या रस्त्यावर तासभर फिरून या. मग बाईक सेंटर स्टँडवर लावून वर बसा आणि कोणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगा. फोटोत गुडघा काटकोनापेक्षा मोकळा दिसला पाहिजे. हा फोटो सीटवाल्याला दाखवायलाही कामाला येतो. आणि जुनी सीट कापू नका हो, दुसरी सीट मिळवून तिच्यावर प्रयोग करा, ओरिजिनल कापडात गुंडाळून ठेवून द्या.

सीट करूनही पाय आखडत असतील तरच पेग खाली घ्या, तेही इंचभर. त्यापेक्षा खाली गेलात तर वळणावर पेग लवकर घासतो. आणि बोल्टने बसणारं ब्रॅकेटच वापरा, जुन्या फ्रेमवर वेल्डिंग अजिबात नको. पेग खाली गेला की गिअर लिव्हर आणि ब्रेक पेडल दोन्ही तुलनेने वर राहतात, मग दिवसभर पायाचा पंजा वर उचलून ठेवायचा आणि संध्याकाळी नडगी दुखायची. गिअर लिव्हर काढायच्या आधी शाफ्ट आणि लिव्हरवर मार्करने एक रेघ मारा, मग बोल्ट काढून शाफ्टवरच्या दात्यांपैकी एक दात खाली बसवा. ब्रेक पेडल खाली घेतलं की, मागे ड्रम ब्रेक असेल तर, त्याच्या रॉडचा नट परत सेट करायचा, आणि ब्रेक लाइटचा स्विच पण, नाहीतर लाल दिवा कायम पेटलेला नाहीतर कायम बंद.

आता हँडल. सीट दोन इंच वर गेली म्हणजे हँडल तुमच्यासाठी दोन इंच खाली गेलं, त्यामुळे इथे थोडी उंची लागेल हे बरोबर, पण इंच-दीड इंच. चार इंच नाही. आधी क्लॅम्प सैल करून हँडल जरा पुढे फिरवून बघा, उंच माणसाचे हात लांब असतात, त्याला हँडल वर हवं असतं त्याहून जास्त वेळा पुढे हवं असतं. तुमच्या बाईकला हँडल २२ मिलिमीटरचं आहे, रायझर त्याच मापाचे घ्या, हार्लेवाले १ इंचाचे उचलून आणू नका. सीबी ७५० ला स्विचच्या वायरी हँडलच्या आतून जातात, त्यामुळे वेगळं हँडल घेतलंत तर वायरी बाहेरून न्यायच्या की नवीन हँडलला भोकं पाडायची हे आधी ठरवा. मी बाहेरून नेईन, दिसायला कमी पण हँडल कमजोर होत नाही.

रायझर लावल्यावर एक टेस्ट केल्याशिवाय रस्त्यावर जायचं नाही. इंजिन आयडलवर ठेवा, हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे. आवाज आपोआप चढला तर थ्रॉटल केबल ताणली जातेय. क्लच केबलचा फ्री प्ले (लिव्हरचा ढिलेपणा) हँडलच्या दोन्ही टोकांना सारखा राहिला पाहिजे, आणि पुढच्या डिस्क ब्रेकचा होज (तेलाची नळी) कुठेही कडक ताणलेला दिसला तर लांब होज टाकूनच पुढे. हँडल टाकीला टेकत नाही ना तेही त्याच वेळी बघून घ्या, नाहीतर पहिल्याच यू-टर्नला टाकीवर पोचा.

क्रॅश गार्डवर हायवे पेग (पाय पुढे लांब टाकायच्या जादा दांड्या) लावा असंही कोणी सुचवेल. मोकळ्या रस्त्यावर पाय लांब करायला ठीक, पण पाय ब्रेकपासून लांब जातो, म्हणून ट्रॅफिकमध्ये मला ते पटत नाही.

सगळं बसलं की मागच्या शॉकचा प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ती सेटिंग) बघा. तुम्ही आता जरा मागे बसणार, वजन मागच्या चाकावर जास्त येणार, एखादा खाच घट्ट करावा लागेल. मग त्या उंचीवर बसून आरसे लावा आणि रात्री भिंतीसमोर हेडलाइट, तो बहुतेक वर बघत असेल.