आयटीआय नाही केलं, तरी मेकॅनिक होता येईल का?

मागच्या अंकात पावसाळ्याआधीच्या सर्व्हिसिंगबद्दल लिहिलं होतं. त्यावर गाडीचे प्रश्न थोडेच आले, या लाईनीत शिरायचं कसं हे विचारणारी पत्रं मात्र ढीगभर आली. म्हणून या वेळी सदर त्यांच्यासाठीच ठेवतोय.

प्रश्न : मी १९ वर्षांचा आहे, बार्शी तालुक्यातला. दहावीला मार्क कमी होते म्हणून आयटीआयला मोटर मेकॅनिकला नंबर लागला नाही, आणि बारावीला दोन विषय राहिले. गाड्यांची आवड लहानपणापासून आहे. गावातले एक गॅरेजवाले काका ये म्हणतात पण पैशाचं काही बोलत नाहीत. मित्र म्हणतात आता गाड्या कॉम्प्युटरवर चालतात, गॅरेजात शिकलेल्याचं पुढं काही खरं नाही. मी काय करू?

शिकता येतं, आणि चांगलं शिकता येतं. तुझ्या तालुक्यात ज्या चार मिस्त्रींकडं लोक लांबून गाडी घेऊन येतात त्यांना विचारून बघ, त्यातले बरेचजण कुठल्या तरी उस्तादाच्या हाताखाली पाने पुसत पुसतच शिकलेले निघतील. आयटीआयचा मेकॅनिक मोटर व्हेईकल हा कोर्स दोन वर्षांचा असतो, त्यात थिअरी मिळते, इंजिन उघडून शांतपणे बघायला मिळतं आणि शेवटी कागद मिळतो. गॅरेजात पहिल्या दिवसापासून खरी बिघडलेली गाडी मिळते पण थिअरी कोणी शिकवत नाही, ती तुलाच मिळवावी लागणार, एवढं मनाशी पक्कं धरून चल.

सगळ्यात मोठा निर्णय गॅरेज कुठलं धरायचं हा आहे, आणि पोरं नेमकी इथंच घाई करतात. काका ओळखीचे आहेत, घराजवळ आहे, एवढ्यावर जाऊ नकोस. दोन-तीन ठिकाणी जाऊन अर्धा अर्धा दिवस नुसता बसून बघ. गिऱ्हाईक गाडी घेऊन आलं की मिस्त्री काय करतो ते बघ. आधी विचारतो का, की आवाज कधी येतो, थंड असताना का गरम झाल्यावर, आधी कुठं काम केलं होतं? स्वतः एक चक्कर मारून येतो का? का लगेच पाना घेऊन खोलायलाच बसतो आणि हे बदल ते बदल करत बिल वाढवतो? पहिल्या प्रकारचा माणूस दोन शिव्या जास्त देत असला तरी त्याच्याकडं राहा. आणि तिथली जुनी पोरं काय करतायत तेही बघ, दोन-तीन वर्षं झालेला पोरगा अजून गाड्या धूत आणि चहा आणत असेल तर तिथं तुझंही तेच होणार.

पैशाचं पहिल्याच दिवशी बोलून घे, लाजू नकोस. सुरुवातीला फार मिळत नाही हे खरं, तरी जाण्यायेण्याचा आणि जेवणाचा खर्च निघेल एवढं तरी मिळालं पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे, कारण तू पहिल्या आठवड्यापासून काम करणारच आहेस. आणि पैशाइतकंच हेही विचार की काका, ब्रेकचं काम माझ्या हातात कधी देणार, क्लच कधी देणार, इंजिनला हात कधी लावू देणार. नेमकी तारीख कोणी देणार नाही, पण उत्तर कसं देतात त्यावरून शिकवायची इच्छा आहे का नाही ते कळतं.

शिकायचा क्रम साधारण असा असतो : धुणं-पुसणं, ऑईल बदलणं, चेन टाईट करणं, ब्रेक शू, केबली, मग प्लग, टॅपेट, वायरिंग आणि शेवटी इंजिनकाम. धुण्याचं काम हलकं समजू नकोस, गाडी धुताना ऑईल कुठून झिरपतंय, कुठला बोल्ट ढिला आहे, कुठली वायर घासतीये हे सगळं डोळ्यासमोर येतं. आता एक साधं काम सांगतो, प्लग बदलणं. इंजिन गरम असताना प्लग काढायचा नाही. आधी आजूबाजूची माती हवा मारून उडवायची, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये जाते. नवीन प्लग पहिले तीन-चार आटे नुसत्या बोटांनी फिरवायचा, अडला तर मागं घेऊन पुन्हा सरळ बसवायचा, आणि बोटांनी पूर्ण गेल्यावरच पाना लावायचा. हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि प्लग लोखंडी, पहिल्यापासून पाना लावून तिरका घुसवला की हेडचे आटे जातात आणि थोडक्यात होणाऱ्या कामाचं हजारो रुपयांचं काम होऊन बसतं. जुना प्लगही लगेच फेकू नकोस. टोक काळं आणि कोरडं असेल तर पेट्रोल जास्त जातंय, काळं आणि तेलकट असेल तर ऑईल वर येतंय, फिकट तपकिरी असेल तर इंजिन बरं जळतंय.

आता कॉम्प्युटरचं. तुझे मित्र अर्धं बरोबर बोलतायत. १ एप्रिल २०२० पासून गाडीच्या धुराचे बीएस-६ नियम आले, आणि नव्या टू-व्हीलरमधून हवा-पेट्रोल मिसळून देणारा कार्बोरेटर जवळजवळ गेलाच, त्या जागी फ्युएल इंजेक्शन आणि सेन्सर आले. त्यामुळं स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून दोषाचा कोड वाचायचं यंत्र, वापरता आलाच पाहिजे. पण स्कॅनर कोड दाखवतो, दोष तूच शोधायचा असतो. समज ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला की मिश्रण पातळ होतंय, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. पुष्कळ जण लगेच महागडा सेन्सर बदलतात आणि आठवड्यात गाडी परत दारात. खरं कारण फाटलेला इनटेक पाईप असू शकतो, कमजोर पडलेला पंप असू शकतो, तुंबलेला इंजेक्टर असू शकतो, सेन्सर बिचारा खरं तेच सांगत असतो. हवा, पेट्रोल आणि ठिणगी यांचं गणित ज्याला कळलं तो कार्बोरेटरवर शिकला काय आणि इंजेक्शनवर शिकला काय, अडत नाही.

म्हणून पहिल्या कमाईतून चांगला मल्टीमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं यंत्र, घे. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीची चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, गाडी चालू करून थोडी रेस दिली की साधारण साडेतेरा ते साडेचौदा दिसले पाहिजेत. चालू केल्यावरही आकडा वर जात नसेल तर चार्जिंगचा प्रॉब्लेम आहे, नवीन बॅटरी टाकून काही होणार नाही. आकडा वर जातोय पण सेल्फ मारताना एकदम साडेनऊच्या खाली आदळतोय, तर बहुतेक बॅटरीच गेलेली असते. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि ती न केल्यामुळं किती लोकांच्या चांगल्या बॅटऱ्या बदलल्या जातात हे मी रोज बघतो, वाईट वाटतं.

एक वही ठेव. गाडी कुठली, तक्रार काय, आधी काय वाटलं आणि शेवटी काय निघालं, एवढं रोज लिही. गाडीबरोबर मिळणारं पुस्तक वाच, कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल मिळालं तर सोन्याहून पिवळं. आणि बारावीचे ते दोन विषय काढून टाक, पुढं कामाला येतील.

प्रश्न : माझा मुलगा १५ वर्षांचा आहे, नववीत अभ्यासात लक्ष नाही. त्याचे वडील म्हणतात शाळा सोडून गॅरेजात टाकू, चार पैसे कमवेल आणि कामही शिकेल. मला पटत नाही पण काय बोलावं कळत नाही. (एक आई, भुसावळ)

ताई, तुम्हाला पटत नाही ते अगदी बरोबर आहे. कायद्यानं १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही आणि १८ पर्यंत धोक्याच्या कामाला लावता येत नाही. गॅरेजात पेट्रोल आहे, वेल्डिंग आहे, जॅकवर उचललेली गाडी आहे. लहान पोराला जॅकखाली सरकवून बोल्ट काढायला लावणारे लोक आजही आहेत, स्टँड न लावता. मी हे कुणाच्याही पोराच्या बाबतीत सहन करू शकत नाही.

मुलाच्या वडिलांना एवढंच सांगा की दहावी झाली तर त्याला मेकॅनिक मोटर व्हेईकलच्या आयटीआयचा रस्ता उघडा राहतो, अप्रेंटिसशिपमध्ये, म्हणजे कंपनीत विद्यावेतन घेऊन काम शिकताना, जास्त पैसे मिळतात, आणि दहावी नसेल तर यातलं बरंच हातातून जातं. शाळा अगदीच नको झाली असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) दहावी देता येते. तोवर त्याची आवड मारू नका. घरची सायकल नाहीतर जुनी बंद मोपेड असेल तर तुमच्या डोळ्यासमोर खोलू द्या, जोडू द्या. इंग्रजी आणि गणित गॅरेजात लागतं हे त्याला एखाद्या चांगल्या मिस्त्रीकडून ऐकवा, आईबापापेक्षा त्याचं लवकर ऐकेल.

प्रश्न : मी २२ वर्षांची, बीकॉम झालंय, कुडाळला राहते. मला खरंच गाड्या दुरुस्त करायला शिकायचंय. दोन गॅरेजात विचारलं, एका ठिकाणी हसले, दुसरीकडं म्हणाले रिसेप्शनला बस. मुलीला हे जमतं का?

जमतं. आजच्या कामात ताकदीपेक्षा हिशोब जास्त लागतो, आणि जिथं ताकद लागते तिथं लांब दांड्याचा पाना, पुलर आणि लिफ्ट असते. हसणाऱ्यांच्या दारात परत जाऊ नकोस.

तू कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली अप्रेंटिसशिप बघ. ही १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली असते, ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना अप्रेंटिस घ्यावेच लागतात, आणि यातल्या बऱ्याच जागांना आयटीआय लागत नाही, नवख्यांनाही घेतात. सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नाव नोंदवायचं आणि जिल्हा निवडून जागा शोधायच्या. २०१९ च्या नियमांत दहावी पासला महिना किमान ६,००० आणि पदवीधराला ९,००० असं विद्यावेतन होतं, ताजा आकडा पोर्टलवरच बघ. करार लेखी असतो, कामाचे तास ठरलेले असतात, आणि मुलीच्या दृष्टीनं बघायचं तर बाथरूमपासून तक्रार कुणाकडं करायची इथपर्यंत विचारायला जागा असते. कुडाळला नाही मिळालं तर कणकवली, पणजी, कोल्हापूर बघावं लागेल, राहायची सोय आधी लावून घे.

इंटरव्ह्यूत एक गोष्ट ठामपणे सांग की मला शॉप फ्लोअरवर, म्हणजे गाड्या दुरुस्त होतात तिथं, काम हवंय. बीकॉम बघून तुला बिलिंगला बसवायचा मोह त्यांना होणारच. आणि टू-व्हीलर तर चालवतच असशील, फोर-व्हीलरचं लायसन्स आत्ताच काढून ठेव, गाडी चालवून बघता आली नाही तर दोष सापडत नाही.

प्रश्न : मी नांदेडला आठ वर्षं डिझेल गाड्यांचं काम करतोय, सगळं इंजिनकाम येतं, पण एकही सर्टिफिकेट नाही. आखातात जायचा विचार आहे. एसटीतही प्रयत्न करायचाय. काही करता येईल का?

करता येईल, पण दोन्हीकडचं वेगवेगळं आहे. आधी आरपीएल करून घ्या, म्हणजे आधीच येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देतात. गाड्यांच्या क्षेत्रात ऑटोमोटिव्ह स्किल्स डेव्हलपमेंट कौन्सिलचं चालतं. परदेशी जाताना असा कागद जवळ असलेला बरा. मात्र एजंटला पैसे द्यायच्या आधी तो परराष्ट्र मंत्रालयाकडं नोंदलेला आहे का ते ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा, आणि कामाचा करार स्वतः वाचल्याशिवाय पासपोर्ट कुणाच्या हातात देऊ नका.

एसटीच्या वर्कशॉपच्या भरतीत आयटीआय मागतात, तिथं आरपीएलच्या भरवशावर बसू नका. त्यासाठी आयटीआयची परीक्षा खाजगी उमेदवार म्हणून देता येते, अनुभवाचा दाखला लागतो. जवळच्या सरकारी आयटीआयमध्ये जाऊन प्राचार्यांना भेटा, चालू वर्षाच्या अटी तिथंच नीट कळतील. ज्या गॅरेजात काम करताय त्या मालकाकडून आत्ताच लेटरहेडवर अनुभवाचा दाखला घ्या, तारखांसकट. तो मालक उद्या गॅरेज बंद करून गावी गेला तर आठ वर्षं कागदावर राहणारच नाहीत. आणि तुमच्याइतकं काम येणाऱ्या माणसाची परीक्षेत अडचण होते ती थिअरीत आणि ड्रॉइंगमध्ये, तेवढा अभ्यास मात्र मनावर घ्या.

प्रश्न : स्वतःचं छोटं टू-व्हीलर गॅरेज टाकायचंय, विश्वकर्मा योजनेतून पैसे मिळतील का? (एक वाचक, चाकण)

पीएम विश्वकर्माच्या १८ व्यवसायांत लोहार आहे, सुतार आहे, कुलूपवाला आहे, मोटर मेकॅनिक नाही. फॉर्म भरून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला देऊ नका. तुमच्यासाठी मुद्रा कर्ज योजना आहे, शिशु गटात ५०,००० पर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत, तारण लागत नाही. बँक कोटेशन मागते आणि जागेचा कागद मागते, ते तयार ठेवा, छोट्या धंद्याची सरकारी उद्यम नोंदणी फुकट होते ती आधी करून घ्या.

सगळी हत्यारं एकदम घेऊ नका. रिंग आणि डबल पान्यांचा चांगला सेट, सॉकेट सेट, टी-स्पॅनर, फिलर गेज, मल्टीमीटर, टॉर्क रेंच आणि एक कॉम्प्रेसर, एवढ्यावर सुरुवात होते. पाने स्वस्तातले घेतलेत तर बोल्टाचे कोपरे गोल होतात आणि शिव्या तुम्हालाच पडतात, त्यामुळं तिथं हात आखडू नका. स्पेअर पार्टसाठी पुण्यात नाना पेठेत एकदा स्वतः फिरा, दोन-तीन दुकानांत भाव काढा आणि ओरिजिनल-डुप्लिकेटमधला फरक हातात घेऊन बघा. काढलेलं जुनं ऑईल ड्रममध्ये साठवून नोंदणी असलेल्या रिसायकलरलाच द्यायचं, गटारात अजिबात सोडायचं नाही. शटर लावून आत गाडी चालू ठेवायची नाही, पावसात तर हमखास तसं होतं, आणि त्या धुरानं माणूस जातो. ड्रम कुठं ठेवायचा आणि हवा कुठून येणार, हे जागा भाड्यानं घ्यायच्या आधी बघा.