मॉड्युलर घर म्हणजे नक्की काय, ते कसं बांधतात, आणि पुण्याजवळच्या प्लॉटवर बांधावं का?

आधी एक सांगतो, मॉड्युलर किचनचा याच्याशी काडीचा संबंध नाही. आम्ही पौडच्या पुढे घर करायला घेतलं तेव्हा निम्मे नातेवाईक ट्रॉल्या कुठल्या कंपनीच्या म्हणून विचारत होते.

साध्या प्रीफॅबमध्ये, म्हणजे कारखान्यात भाग बनवून आणलेल्या घरात, भिंतींचे पॅनल सुटे येतात आणि जागेवर जोडतात. मॉड्युलरमध्ये अख्खी खोलीच कारखान्यात तयार होते: लोखंडी सांगाडा, तळाला सिमेंट बोर्ड, भिंतींना पफ पॅनल (दोन पत्र्यांच्या मध्ये फोम), आतून वायरिंग, नळ, संडासाचं भांडंसुद्धा. तिकडे हे चालू असताना इकडे जोतं होतं. वेळ वाचतो तो इथेच. आमचे दोन डबे होते, प्रत्येकी २० बाय ८ फूट. आठच का, तर रस्त्यावर २.६ मीटरपेक्षा रुंद माल न्यायचा म्हणजे वेगळी परवानगी. म्हणून दोन शेजारी ठेवून मधली भिंत गाळायची, वरच्या फटीवर पत्र्याची पट्टी आणि सीलंट. आमची ती फट आजवर गळलेली नाही.

आता दादा. थोरला भाऊ, पंचवीस वर्षं आरसीसीची कामं घेतो. पहिल्याच दिवशी म्हणाला, "पत्र्यात राहायला परत पानशेत फुटलंय का?" हे आईला लागलं. १९६१च्या पुरात तिचं माहेर वाहून गेलं आणि पुढची काही वर्षं तिने निसन हटमध्ये, म्हणजे पूरग्रस्तांच्या अर्धगोल पत्र्याच्या घरात काढली. उन्हाळ्यात भट्टी, पावसात डोक्यावर ताशा. तिला समजवायला मला महिना लागला. दादाला समजवायला जोतं त्याच्याकडे द्यावं लागलं.

नऊ पेडेस्टल, म्हणजे डबे टेकवायचे काँक्रीटचे बुटके खांब, प्रत्येकावर बोल्ट. कारखान्याच्या पोराने फोनवर दोनदा विचारलं, कर्ण मोजलेत का? दादा म्हणाला, मी काय काल आलोय का.

ट्रेलर आला त्या दिवशी गावात विजेच्या तारा आडव्या. वायरमन शोधून लाइन बंद करण्यात दीड तास गेला, हायड्रा क्रेनचं मीटर चालूच. पहिला डबा बसला. दुसरा हवेत लोंबकळतोय आणि बोल्ट भोकात जाईनात. दीड इंचाचा फरक. दादा खुर्चीत बसून चहा पीत म्हणाला, "तुमचा डबाच वाकडा आहे." मी टेप घेतली. एक कर्ण दुसऱ्यापेक्षा दोन इंच मोठा! कर्ण सारखे नाहीत म्हणजे जोतं गुण्यात, काटकोनातच नव्हतं. विटांच्या कामात दोन इंच प्लास्टरखाली खपतात, इथे बोल्ट एक तर जातो किंवा जात नाही. शेवटी गॅस कटरने बेसप्लेटची, म्हणजे डब्याच्या तळाच्या लोखंडी प्लेटची भोकं वाढवली. जळालेल्या जागी पहिल्याच पावसाळ्यात गंज आला. आता येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला दादा तो गंज दाखवतो, "बघा, लोखंडाचं घर."

तर, बांधावं का? बांधा. पण जोतं घरच्या माणसाला देऊ नका. आणि ट्रेलर, क्रेन वळेल का ते आधी स्वतः जाऊन बघा. १४ टनाची हायड्रा १४ टन उचलते ती अगदी जवळून. बूम, म्हणजे क्रेनचा हात, लांब केला की ताकद झपाट्याने कमी होते.

हो, आणि बांधकाम परवानगी, सेप्टिक टँक हे काही सुटत नाही. "सुटं घर आहे, परवानगी लागत नाही" म्हणणाऱ्या एजंटला दारातूनच परत पाठवा. कर्ज हवं असेल तर बुकिंगच्या आधी बँकेत विचारा. ताम्हिणीच्या बाजूला प्लॉट असेल तर छताखाली रॉकवूल (आवाज आणि उष्णता अडवणारी दगडी लोकर) घालाच, नाहीतर पावसात टीव्ही ऐकू येत नाही. आम्ही नंतर घातलं, दुप्पट खर्चात.

आई आता मे महिन्यात दुपारी तिथेच झोपते.

टेपचे दोन्ही फोटो माझ्याकडे आहेत. घरच्या ग्रुपवर दोनदा टाकलेत, दादाने अजून उघडलेले नाहीत.