पहिली किशोर कादंबरी लिहिताय? घरी सांगण्याचा प्रसंग मध्यावर आणा

लेस्बियन मुलगी आणि तिचं घर हा विषय मराठी किशोरवाचकांसाठी फार हवा आहे. बिनधास्त लिहा. सुरुवातीला एवढंच सांभाळा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पुस्तकभर गुपित ठेवायचं आणि शेवटच्या प्रकरणात रडारड, मिठी, समाप्त. त्यात घरच्यांना बदलायला जागाच उरत नाही. सांगण्याचा प्रसंग मध्यावर आणा. मग आई आधी गप्प होईल, मग ‘लोक काय म्हणतील’ म्हणेल, मुलीचा फोन काढून घेईल, आणि बऱ्याच पानांनंतर काही न बोलता मुलीच्या प्रेयसीचंही ताट वाढेल. स्वीकार असा मागेपुढे होतच येतो. बाबा, आजी, धाकटा भाऊ, प्रत्येकाचा वेग वेगळा ठेवा.

बाकी थोडक्यात:
- कथेचं साल ठरवा. सर्वोच्च न्यायालयाच्या 6 सप्टेंबर 2018 च्या निकालाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध, ते गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 च्या कक्षेतून वगळले. त्याआधीच्या घरातली भीती वेगळी असते.
- ‘बरं करणारा’ डॉक्टर दाखवलात तर कुणीतरी त्याला चूक म्हणू द्या. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये असे उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत.
- मुलाने फसवलं म्हणून ती अशी झाली, हे कारण नको. कारण द्यायची गरजच नाही.
- नायिकेला मारू नका.

आणि तिला दहावीचं गणित, कबड्डी, भांडखोर मैत्रीण असं काहीतरी द्या. पहिल्या खर्ड्यात निवेदक एकच ठेवा, तीच.