बार्बीच्या पाठीवर '१९६६' असेल तर ती त्याच साली बनलेली असते का?

नाही, आणि नव्या संग्राहकांचे पैसे सर्वात जास्त इथेच बुडतात. १९६६ हे त्या शरीराच्या साच्याच्या कॉपीराइटचं साल आहे. कमरेत वळणारी ही बार्बी बाजारात आली १९६७ मध्ये, पण तोच शिक्का पुढे नव्वदच्या दशकापर्यंत बाहुल्यांवर उमटत राहिला. त्यामुळे एकट्या सालावर कधीच विसंबू नका.

त्याच शिक्क्यातलं देशाचं नाव वाचा. 'जपान' असेल तर साठचं दशक किंवा सत्तरची सुरुवात. मलेशिया किंवा चीन असेल तर बाहुली बरीच नंतरची. मग केस वर उचलून मानेच्या कडेला पाहा. तिथे १९७६ दिसलं तर डोकं १९७७ पासूनच्या, दात दाखवून हसणाऱ्या बार्बीचं. १९६७ च्या बार्बीला पापण्यांचे खरे केस लावलेले असत, नुसते रंगवलेले नव्हे. भिंगातून ते लगेच कळतं.

आणि कान नक्की तपासा! जुन्या कानातल्यांच्या धातूने व्हिनाइल, म्हणजे बाहुलीच्या डोक्याचं मऊ प्लास्टिक, हिरवं पडतं आणि तो डाग हळूहळू गालापर्यंत सरकतो. माझ्याकडच्या एका बाहुलीच्या कानापाशी मोहरीएवढा ठिपका होता. मी कानातलं वेळेत काढलं म्हणून चेहरा वाचला, त्या सुंदर चेहऱ्यासाठी तर मी ती घेतली होती. कानातली वेगळ्या डबीत ठेवा. डाग घालवायला मुरुमांचं बेंझॉइल पेरॉक्साइड मलम बरेच जण वापरतात, पण ते ओठांच्या आणि डोळ्यांच्या रंगाला लागू देऊ नका, रंग उडतो.