हायपरचार्जची रेष भलतीकडे पळत असेल तर आधी ३/५ तपासा

तुमच्या प्रश्नातले दोन आकडे वाचले आणि जुनं दुखणं लगेच ओळखू आलं. तीव्र बल, क्षीण बल आणि हायपरचार्ज (क्षीण बलाशी मिसळून विद्युतचुंबकी बल देणारं बल) यांची ताकद ऊर्जेबरोबर कशी बदलते, याच्या तीन रेषा काढून त्या एका बिंदूत भेटतात का, हे तुम्ही बघताय. त्यात तीव्र आणि क्षीण बलांच्या रेषा १०^१७ जीईव्हीच्या (अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक) आसपास छेदतात, पण हायपरचार्जची रेष क्षीण बलाच्या रेषेला थेट ६ × १०^२७ ला जाऊन भेटते. आणि म्हणून आता टू-लूपचं, म्हणजे साध्या वन-लूपच्या पुढच्या पायरीचं जास्त अचूक गणित करायला घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. नका घेऊ. टू-लूपने रेषा किंचित वाकतात, छेदबिंदू दहाचे चौदा-पंधरा घात सरकत नाही.

कपलिंग (बलाची ताकद) ऊर्जेबरोबर का बदलतं, अल्फाऐवजी (कपलिंगचं माप) त्याचा व्यस्त का काढायचा, हे तुम्हाला येतंय असं दिसतं. ते सोडून देतो.

चूक सुरुवातीच्या आकड्यात आहे. ९१.१९ जीईव्हीला, म्हणजे झेड कणाच्या वस्तुमानापाशी, विद्युतचुंबकी अल्फाचा व्यस्त १२७.९५ आणि साइन-वर्ग थीटा (हायपरचार्ज आणि क्षीण बल किती मिसळतात ते सांगणारा आकडा) ०.२३१२ घेतला की क्षीण बलाचा व्यस्त २९.५८ येतो आणि हायपरचार्जचा ९८.३७. तीव्र बलाचा अल्फा ०.११८, व्यस्त ८.४७. इथपर्यंत सगळं बरोबर. पण उतारासाठी तुम्ही बीचे आकडे ४१/१०, −१९/६ आणि −७ घेतलेत, आणि त्यातला ४१/१० हा एसयू(५) च्या, म्हणजे तिन्ही बलांना एकाच गटात बसवणाऱ्या सिद्धांताच्या मापातला आहे. ९८.३७ त्या मापातला नाही. त्याला ३/५ ने गुणल्याशिवाय दोघांना एका सूत्रात बसवता येत नाही. गुणलं की ५९.०२ येतात, आणि रेष तिथून सुरू व्हायला हवी.

हा ३/५ कुठून येतो ते एकदा हाताने काढून बघा, मग आयुष्यात विसरणार नाही. एसयू(५) मध्ये एका पंचकात डाउन प्रतिक्वार्कचे तीन रंग (हायपरचार्ज प्रत्येकी १/३) आणि न्यूट्रिनो-इलेक्ट्रॉनची जोडी (प्रत्येकी −१/२) असतात. हायपरचार्जच्या वर्गांची बेरीज ३/९ + २/४ = ५/६. त्याच पाच जणांच्या क्षीण आयसोस्पिनच्या (क्षीण बलाचा प्रभार) तिसऱ्या घटकाच्या वर्गांची बेरीज १/४ + १/४ = १/२. एकाच गटातले जनक (गट ज्यांच्यापासून बनतो ते घटक) म्हटल्यावर दोघांची बेरीज सारखी हवी, आणि इथे ती ५/३ पट आहे. मग हायपरचार्जचा अल्फा ५/३ ने वाढवायचा, म्हणजे व्यस्त ३/५ ने कमी होतो. एकत्रीकरणाच्या ऊर्जेला साइन-वर्ग थीटा ३/८ येतो तोही यातूनच.

आता थोडी चिडचिड. हा घोळ विद्यार्थ्यांचा कमी आणि नोट्स लिहिणाऱ्यांचा जास्त आहे. अशा एका नोट्सच्या संचात (नाव घेत नाही, वाचणारे ओळखतील) एका पानावर ९८.४ आणि पुढच्याच पानावर ४१/१०, आणि मधे अवाक्षर नाही. चूक कळवली तर उत्तर येतं, "हा संकेताचा प्रश्न आहे." संकेत कुठलाही घ्या हो, पण सुरुवातीचा आकडा आणि उतार दोन्ही एकाच संकेतातले द्या! जुन्या पुस्तकांत हायपरचार्ज दुप्पट धरलेला असतो (प्रभार = आयसोस्पिन + हायपरचार्ज भागिले दोन). तिथला हायपरचार्ज आणि इथलं सूत्र एकत्र केलंत तर वर्गामुळे चारपट घोळ होतो.

चूक नेमकी कोणती, ते छेदबिंदूवरून कळतं. हायपरचार्ज आणि क्षीण बलाच्या रेषा १०^१३ ला छेदल्या तर सगळं ठीक. ३/५ कुठेच लावला नाही, म्हणजे ९८.३७ आणि ४१/६ घेतले, तर ५ × १०^२०, प्लँक ऊर्जेच्याही वर. सुरुवातीला लावला पण उताराला विसरलात तर १०^१०. उताराला लावला आणि सुरुवातीला विसरलात तर ६ × १०^२७, तुमचा आकडा.

इथे एक खोड आहे. नैसर्गिक लॉगऐवजी १० पायाचा लॉग घेतला तरी छेद २.६ × १०^२७ ला येतो, म्हणजे जवळपास तिथेच. (बऱ्याच स्प्रेडशीटमध्ये लॉग लिहिलं की १० पायाचा मिळतो, नैसर्गिक लॉगसाठी वेगळं फंक्शन आहे.) तुमची तीव्र-क्षीण जोडी १०^१७ ला छेदते म्हणून तुमचा लॉग बरोबर आहे, एवढं खात्रीने सांगता येतं. लॉग चुकला असता तर तो छेदही १०^३६ च्या पुढे गेला असता.

बीचे आकडेही पाठ करू नका, जुळवून बघा. कणांची प्रत्येक पिढी तिन्ही बीमध्ये सारखेच ४/३ घालते. तीन पिढ्यांचे ४ झाले. तीव्र बलाचे स्वतःचे −११, क्षीण बलाचे −२२/३, हायपरचार्जचं शून्य. हिग्ज तीव्र बलाला काही देत नाही, क्षीणला १/६ देतो आणि हायपरचार्जला १/१०. बेरीज करा, बीचे तिन्ही आकडे मिळतील. चौथी पिढी घालून रेषा जुळवू पाहणारे इथेच फसतात. तिन्ही उतार सारखेच बदलले तर वन-लूपमध्ये छेदबिंदू आडवे हलतच नाहीत.

३/५ लावल्यावरही तीन रेषा एका बिंदूत येणार नाहीत, तेव्हा पुन्हा घाबरू नका. १०^१३ (हायपरचार्ज-क्षीण), २.४ × १०^१४ (हायपरचार्ज-तीव्र) आणि १०^१७ (तीव्र-क्षीण) असा त्रिकोण मिळेल. पहिल्या छेदाशी व्यस्त ४२.४ असतो आणि तीव्र बलाचा ३६.८. म्हणजे फरक साडेपाचचा. तीव्र अल्फातली ०.००१ ची अनिश्चितता व्यस्तात जेमतेम ०.०७ हलवते, त्यामुळे दोष मोजमापावर ढकलता येत नाही. सर्नच्या एलईपी कोलायडरवरच्या अचूक मोजमापांनंतर १९९१ मध्ये हे उघड झालं. सुपरसिमेट्रीचे (प्रत्येक कणाला एक जोडीदार कण मानणारा सिद्धांत) आकडे ३३/५, १ आणि −३ टाकून बघा: तिन्ही रेषा २ × १०^१६ ला २४.३ च्या आसपास भेटतात. दिसायला सुरेख दिसतं.

माझं मत विचाराल तर (इथले काही जण चिडतील) त्या सुरेखपणाला एका आकड्याएवढीच किंमत द्या. दोन समांतर नसलेल्या रेषा कुठेतरी छेदणारच. तिसरी तिथूनच जाते एवढंच भाकीत. त्यासाठी लागणारे जोडीदार कण सर्नच्या एलएचसी कोलायडरमध्ये सापडलेले नाहीत. आणि १९७४ चा साधा एसयू(५) प्रोटॉनच्या क्षयावरच आपटला: त्याच्या हिशेबाने प्रोटॉन फार तर १०^३१ वर्षांच्या आसपास टिकायला हवा होता, पण पॉझिट्रॉन आणि पायॉनमध्ये क्षय व्हायला २ × १०^३४ हून जास्त वर्षं लागतात अशी जपानमधल्या सुपर-कामिओकांदे प्रयोगाची मर्यादा आहे.

वरचे सगळे आकडे वन-लूपचे आणि एमएस-बार पद्धतीतले (कपलिंगची व्याख्या करायची एक प्रमाण पद्धत) आहेत, दशांशासाठी भांडू नका. साइन-वर्ग थीटा डब्ल्यू आणि झेडच्या वस्तुमानांवरून काढलात तर ०.२२३ येईल. तो या सूत्रात घालू नका. १२७.९५ च्या जागी १३७ तर अजिबातच नको.

आणि प्रश्नाच्या शेवटी गुरुत्वाकर्षणाची चौथी रेष काढायची म्हणालात. याच आलेखावर नको. न्यूटनचा जी एकक असलेला स्थिरांक आहे, त्याला ऊर्जेच्या वर्गाने गुणून एककरहित करावा लागतो. प्रोटॉनच्या वस्तुमानापाशी तो ५.९ × १०^−३९ भरतो आणि १.२२ × १०^१९ जीईव्हीला १ होतो. त्यासाठी वेगळा कागद घ्या आणि उभा अक्षही लॉगमध्ये ठेवा.