दोन लाख किलोमीटर पळालेल्या जुन्या गाडीत सिंथेटिक इंजिन ऑइल घालावं का?

घालता येतं. पण आधी एक गोष्ट कळायला हवी, जी तुमच्या प्रश्नात नाही: तुमचं इंजिन सध्या किती ऑइल खातं? गाडी दोन लाखांच्या आसपास पळाली आहे, आजवर मिनरल ऑइलच (खनिज तेल शुद्ध करून बनवलेलं साधं ऑइल) घातलं आहे, मेकॅनिक म्हणतो 'सिंथेटिक घातलंत की सगळे सील गळतील' (सील म्हणजे सांध्यांतून ऑइल बाहेर येऊ न देणाऱ्या रबरी कड्या) आणि मित्र म्हणतो 'घाल, इंजिन नव्यासारखं होईल', एवढं तुम्ही लिहिलं आहे. किलोमीटरच्या आकड्यावरून यातलं काहीच ठरत नाही. दोन लाखांच्या पुढे जाऊनही दोन ऑइल चेंजच्या मध्ये पातळी जेमतेम हललेली इंजिनं मी पाहिली आहेत, आणि लाखाच्या आत निळा धूर मारणारीही पाहिली आहेत.

म्हणून पहिलं काम हे करा. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसून पुन्हा घाला आणि पातळी लिहून ठेवा. हजार किलोमीटरनंतर तसंच बघा. बहुतेक कारमध्ये वरच्या आणि खालच्या खुणेत साधारण एक लिटरचं अंतर असतं, त्यावरून अंदाज येतो. काही उत्पादक हजार किलोमीटरला एक लिटरपर्यंतचा खप चालण्याजोगा मानतात. माझ्या मते अर्ध्या लिटरच्या वर गेलं की महागडं ऑइल घालण्यात अर्थ नाही, कारण ते जळूनच जाणार. धुराकडेही लक्ष द्या. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताना निळा धूर येऊन थांबत असेल, तर बहुधा वाल्व्ह सील गेलेले असतात. जोर लावल्यावर सतत येत असेल, तर बहुधा पिस्टनच्या रिंग झिजल्या आहेत. या दोन्हींवर ऑइल बदलणं हा इलाज नाही.

आता सील गळण्याची भीती. ती हवेतून आलेली नाही. सत्तरच्या दशकात सिंथेटिक ऑइल सर्वसामान्य गाड्यांपर्यंत पोहोचू लागलं, मोबिल १ बाजारात आलं ते १९७४ मध्ये. मिनरल ऑइलमधल्या काही घटकांमुळे सीलचं रबर किंचित फुगलेलं राहतं. सुरुवातीच्या सिंथेटिक ऑइलचा मूळ द्रव, म्हणजे पीएओ (पॉलिअल्फाओलेफिन), रबर फुगवत नाही, उलट थोडं आक्रसवतो. त्यामुळे तेव्हा गळतीच्या तक्रारी आल्या, आणि त्या खऱ्या होत्या. पुढे उत्पादकांनी त्यात एस्टरसारखे रबर फुगवणारे घटक घालून तोल साधला. आजचं ऑइल सीलच्या रबरावर तपासूनच बाजारात येतं. तेव्हा ते मूळ कारण केव्हाच संपलं आहे.

पण मेकॅनिकचा अनुभवही खोटा नसणार. जुन्या इंजिनाचा सील उष्णतेने कडक झालेला असतो, त्याला बारीक चिरा गेलेल्या असतात आणि त्या चिरांमध्ये वर्षानुवर्षांचा गाळ जखमेवरच्या खपलीसारखा बसलेला असतो. चांगल्या ऑइलमधले डिटर्जंट तो हळूहळू धुऊन काढतात आणि आधीच असलेली गळती उघडी पडते. मिनरल ऑइल चांगल्या दर्जाचं असेल, तर त्यानेही हे होऊ शकतं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. लोक सिंथेटिककडे जाताना नकळत ग्रेड, म्हणजे डब्यावर लिहिलेला दाटपणाचा आकडाही बदलतात. इंजिन वर्षानुवर्षं १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० वर चाललेलं असतं आणि सिंथेटिक म्हणून त्यात ५डब्ल्यू-३० पडतं. मग गळती वाढते, खप वाढतो, टॅपेटचा (वाल्व्ह ढकलणाऱ्या भागांचा) आवाज येतो आणि खापर सिंथेटिकवर फुटतं. ग्रेडमधला दुसरा आकडा म्हणजे गरम इंजिनातला दाटपणा. ४० ग्रेडचं ऑइल १०० अंश सेल्सिअसला १२.५ ते १६.३ सेंटीस्टोक (दाटपणा मोजण्याचं एकक) या पट्ट्यात असावंच लागतं, मग ते मिनरल असो की सिंथेटिक. ३० ग्रेडचं ९.३ ते १२.५ मध्ये. म्हणजे 'सिंथेटिक पातळ असतं' हे गरम इंजिनाबाबत खरं नाही, पातळ असतो तो खालचा ग्रेड. पहिला आकडा थंडीतल्या वागण्याचा. १५डब्ल्यू-४० वरून ५डब्ल्यू-४० सिंथेटिकवर गेलात, तर गरम झाल्यावर दाटपणा त्याच पट्ट्यात राहतो आणि थंड इंजिन सुरू करताना ऑइल वरपर्यंत लवकर पोहोचतं. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत जे ग्रेड चालतात असं लिहिलं आहे, त्यांतलाच घ्या आणि दुसरा आकडा तोच ठेवा.

फायदा किती होईल? गाडी टर्बो असेल तर नक्कीच. इंजिन बंद झालं की टर्बोच्या तापलेल्या बेअरिंगमधलं ऑइल भाजून त्याचा कोळसा होतो, सिंथेटिक तिथे जास्त टिकतं. थंडीत पहाटे गाडी काढावी लागत असेल, लांबच्या चढावर भार ओढत असेल, तरीही फरक पडतो. साधं पेट्रोल इंजिन आरामात चालत असेल, तर मिनरल किंवा सेमी-सिंथेटिक वेळेवर बदलणं पुरेसं आहे. आणि झिजलेला धातू कोणतंही ऑइल परत आणत नाही, एवढं मित्राला सांगा. डब्यावरच्या 'फुल्ली सिंथेटिक' या शब्दांनीही भारावू नका. त्यांतली बरीच ऑइलं खनिज तेलावरच जास्त प्रक्रिया करून बनवलेली, ग्रुप ३ ची असतात, आणि जुन्या इंजिनाला ती छान चालतात. तुम्ही बघायचं ते ग्रेड आणि एपीआयचं (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचं) दर्जाचं रेटिंग.

बदलायचं ठरलं, तर ऑइल भरायचं झाकण उघडून टॉर्चने आत बघा. धातूवर तपकिरी झाक असेल तर काळजी नाही. काळा, जाड गाळ साचलेला असेल, तर इंजिन फ्लश करू नका, म्हणजे रसायन घालून आतून धुऊन घेऊ नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. सुटलेला गाळ चेंबरमधल्या (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भागातल्या) जाळीत अडकला की ऑइल पंपाला ऑइल मिळत नाही आणि बेअरिंग जातात. त्याऐवजी पहिले दोन ऑइल चेंज दोन-तीन हजार किलोमीटरवर करा, प्रत्येक वेळी फिल्टरही बदला. गाळ सावकाश निघू द्या. ऑइल लवकर काळं पडलं म्हणून घाबरू नका, ते घाण धरून ठेवतंय असाच त्याचा अर्थ, आणि डिझेलमध्ये तर ते लगेचच काळं होतं.

त्याच वेळी पीसीव्ही वाल्व्ह, म्हणजे इंजिनात साचलेला वायू बाहेर काढणारी झडप, तपासून घ्या, हे फार लोक विसरतात. तो तुंबला की इंजिनातलं बॅक कॉम्प्रेशन (रिंगमधून निसटून खाली आलेला वायू) बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि धडधाकट सीलमधूनही ऑइल ढकललं जातं. सीलवर खर्च करण्याआधी हा स्वस्तातला भाग बघा.

सिंथेटिक घातलं म्हणून ऑइल चेंजचं अंतर वाढवू नका. झिजलेल्या रिंगमधून इंधन आणि काजळी ऑइलमध्ये उतरतेच, ऑइल कितीही चांगलं असलं तरी. पुस्तिकेतलंच अंतर पाळा.

सील किंचित पाझरत असतील, तर जास्त पळालेल्या इंजिनांसाठीचं हाय मायलेज ऑइल चांगला पर्याय आहे. त्यात कडक रबर थोडं मऊ करणारे घटक असतात. फाटलेला सील मात्र बदलावाच लागतो. एकदा सिंथेटिक घातलं की परत मिनरलवर येता येत नाही, हाही गैरसमज. दोन्ही एकमेकांत मिसळतात, कधीही मागे येता येतं. (तुमची गाडी दुचाकी असेल आणि तिचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असेल, तर कारचं ऑइल घालू नका. डब्यावर जेएएसओ एमए किंवा एमए२ (अशा क्लचसाठीचं जपानी मानक) लिहिलेलंच घ्या, नाहीतर क्लच घसरू शकतो.)

बदलल्यानंतर पहिले काही आठवडे दर आठवड्याला पातळी बघा आणि गाडीखाली ठिपके पडतात का ते पाहा. फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिलेली नाही ना, हे डोळ्यांनी बघून घ्या. तिच्यावर नवा फिल्टर बसला, तर काही मिनिटांत सगळं ऑइल रस्त्यावर येऊ शकतं. आणि ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला, तर घरापर्यंत नेण्याचा विचारही करू नका. जागच्या जागी इंजिन बंद करा आणि गाडी ओढून न्या.