कॅलेंडुला म्हणजे आपला झेंडूच का? जखमेवर लावलं तर चालतं का?

दसरा झाला की आमच्या दुकानात हे विचारायला कोणी ना कोणी येतंच, म्हणून लगेच लिहायला बसले. मी सोलापुरात होमिओपॅथी औषधांच्या दुकानात कामाला आहे, डॉक्टर नाही, पण कॅलेंडुलाची बाटली रोज हाताखालून जाते. उरलेले झेंडूचे हार वाळवून कॅलेंडुला तेल करू का असं तुम्ही विचारलंय, तर नका करू. एक तर बाजारातल्या फुलांवर फवारणी झालेली असते, आणि मुख्य म्हणजे ते झाडच वेगळं.

आपला झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा, कॅलेंडुला भूमध्य समुद्राकडची. इंग्रजीत दोघांनाही मेरीगोल्ड म्हणतात, सगळा घोळ तिथूनच. ओळखायला सोपंय, झेंडूचं पान कातरलेलं आणि चुरगाळलं की उग्र वास, कॅलेंडुलाचं पान अख्खं, लांबट, हाताला जरा चिकट लागतं. बी तर बघाच, झेंडूचं सुईसारखं सरळ काळं आणि कॅलेंडुलाचं नखासारखं वाकडं. युरोपात ज्यांना केशर परवडत नसे ते लोक कॅलेंडुलाच्याच पाकळ्या रस्स्यात, लोण्यात रंगाला घालायचे आणि खरचटलं, भाजलं, कातडी फुटली की मलम करून लावायचे. आपल्याकडे जशी कंबरमोडी, म्हणजे एकदांडी, शेतात विळा लागला की आजी तिचाच पाला चोळून रस पिळायची, तसंच ते.

होमिओपॅथीत जखमेवर वापरतात ते मदर टिंक्चर, म्हणजे पातळ न केलेला मूळ अर्क, बाटलीवर क्यू लिहिलेलं असतं. ते अल्कोहोलमध्ये असतं त्यामुळे तसंच ओतलं तर पोरगं घर डोक्यावर घेईल, उकळून गार केलेल्या पाण्यात, एक भाग टिंक्चर आणि नऊ-दहा भाग पाणी असं करून धुवायचं. आधी साबणपाण्याने माती काढायची, हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते. साध्या खरचटण्याला ठीक आहे. 2004 साली फ्रान्समध्ये स्तनाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेणाऱ्या 254 बायकांवर अभ्यास झाला होता, त्यात दुसरं एक मलम लावणाऱ्यांपैकी 63 टक्के बायकांच्या कातडीला मध्यम किंवा जास्त दाह झाला, कॅलेंडुला मलम लावणाऱ्यांत 41 टक्के. पण ते फुलाचं मलम होतं, होमिओपॅथीच्या गोळ्या नाहीत. गोळ्यांच्या बाटलीवर थर्टी लिहिलेलं असतं, म्हणजे शंभरात एक असं तीस वेळा पातळ केलेलं, त्यात फुलाचा अंश राहत नाही, त्यामुळे त्या गोळ्यांनी जखम भरेल असं मी गिऱ्हाइकाला सांगत नाही, दुकानात उभी राहूनही नाही.

आणि शुगरवाल्यांच्या पायाला हे घरी करत बसू नका. माझ्या वडलांना चप्पल चावून अंगठ्याला बोराएवढा फोड आला होता, दुखत नव्हता म्हणून आम्ही आठ दिवस टिंक्चरच्या पाण्याने धुत बसलो, नवव्या दिवशी कापूस काढला तर वास आला आणि खालची कातडी काळी. अंगठा काढावा लागला. दुखत नव्हता कारण शुगरनं पायाची जाणीवच गेली होती, हे आम्हाला तेव्हा कळलं. गंजका पत्रा, खिळा लागला तर धनुर्वाताचं इंजेक्शन, खोल जखमेला टाके, त्याला पर्याय नाही.

ज्यांना गाजर गवताने अंगाला खाज सुटते त्यांनी आधी मनगटाला थेंबभर लावून एक दिवस थांबा. गाजर गवत, करडई, सूर्यफूल, कॅलेंडुला सगळी एकाच कुळातली, एकाची ॲलर्जी असली की दुसऱ्याचीही येऊ शकते.

तेलच करायचं असेल तर कॅलेंडुलाचं बी आणून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कुंडीत टाका, थंडीत छान फुलते. आपल्याकडचं मार्चचं ऊन तिला सोसत नाही, त्याआधीच फुलं खुडून सावलीत पार कडकडीत वाळवा, ओली राहिली तर तेलाला बुरशी येते.